पोटावरची बेचाळीस नावे

मित्रांनो, मी एक जुना टेबल आहे. कोणी मला 'तो टेबल' म्हणते, कोणी 'ते टेबल'. मी दोन्हीला ओ देतो. लांबी सात फूट, रुंदी साडेतीन, पाय चार आणि त्यातला एक जरा लंगडा. या शाळेत माझ्याहून जुनी वस्तू एकच आहे, ती म्हणजे तास संपल्याची घंटा, आणि तिलाही आता तडा गेला आहे.

माझा जन्मच एका चुकीतून झाला. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना कचेरीसाठी मोठा, भारदस्त टेबल हवा होता. सुतार कामाला पक्का होता. त्याने कचेरीचे माप घेतले, खिडकीचे घेतले, मुख्याध्यापकांच्या खुर्चीचेसुद्धा घेतले. दाराचे तेवढे घ्यायचे राहिले. महिनाभर आवारात खपून त्याने मला घडवला, तीन जाड फळ्या सांधल्या, पाय खुंट्या ठोकून कायमचे बसवले, आणि मग आठ जणांनी मला उचलून कचेरीपाशी आणला. आडवा केला, उभा केला, तिरका केला. मी काही आत शिरलो नाही. सुतार डोके खाजवत म्हणाला, "दार लहान पडतंय." इतक्या वर्षांत स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या सहज घालणारा तोच एक.

शेवटी जिन्याशेजारच्या नकाशांच्या खोलीत माझी रवानगी झाली, कारण तिला दुहेरी दार होते. तिथे गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचा एक पोचा पडलेला गोल आणि मी, असे आम्ही राहू लागलो. पण देखणेपण वाया जाऊ नये म्हणून मला वर्षातून एकदा बाहेर काढायचे ठरले. वार्षिक बक्षीस समारंभाच्या सकाळी मला सभागृहात नेत, मंचाच्या मधोमध ठेवत, जमिनीपर्यंत लोळणारे निळे कापड पांघरत आणि माझ्यावर चषक, ढाली, पदके मांडत. त्या दिवशी मी नवरदेव. संध्याकाळी कापड काढले की पुन्हा नकाशांच्या खोलीत.

खरे सांगतो, पहिली काही वर्षे मी त्या एका दिवसासाठीच जगलो. अंगावर चषक असले की आपणच ते जिंकले असे वाटायला लागते. हा आजार माणसांनाही होतो.

मग बाई आल्या.

बाई उंचीला बेताच्या, आवाजाला मऊ. केसांच्या अंबाड्यात त्या नेहमी एक पेन्सिल खोचून ठेवत, आणि दिवसातून दोनदा तीच पेन्सिल सगळीकडे शोधत फिरत. वरच्या वर्गांत येऊनही ज्यांना नीट वाचता येत नाही अशा मुलांसाठी त्यांनी शाळेत मदतवर्ग मागितला. "जागा कुठंय?" असे विचारल्यावर त्या खोल्या पाहत हिंडल्या आणि मला पाहून थांबल्या. "सगळे एका टेबलाभोवती बसतील. पुढचा बाक नाही, मागचा बाक नाही. हीच खोली द्या," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो वर्ग माझ्याभोवती भरतो.

मुले या वर्गाला 'गोगलगाय वर्ग' म्हणत. येणारी मुले आधी व्हरांड्यात दोन्हीकडे बघून घेत आणि मग मांजर दुधापाशी जाते तशी आत शिरत. बाईंची पद्धत साधी होती. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी असे. ती ओळीखाली धरायची, म्हणजे खालच्या ओळींची गर्दी दिसत नाही. मोठा शब्द आला की त्याचे तुकडे पाडायचे. अडले की थांबायचे. कोणी घाबरून भरभर काहीतरी ठोकून दिले की बाई म्हणत, "घाई कोणाला आहे? गाडी सुटत नाहीये आपली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की मला वाचा फुटली असती तर पहिल्यांदा तेच बोललो असतो.

आता माझ्या पोटाची गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिथेच घडले.

पहिल्याच वर्षी जाड भिंगांच्या चष्म्याची एक मुलगी होती. तिने एक दिवस न पाहिलेले अख्खे पान कोणाच्याही मदतीशिवाय सगळ्यांसमोर वाचून काढले. शेवटच्या शब्दावर तिची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला म्हणून ती माझ्याखाली शिरली ती बाहेरच येईना. बाईंनी वाकून पाहिले, तर पोर उताणी पडून माझ्या खालच्या बाजूवर आपले नाव आणि तारीख लिहीत होती. शाळेच्या वस्तूवर लिहिले म्हणून दुसऱ्या कोणी कान उपटले असते. बाई मात्र म्हणाल्या, "बाहेरच्या फळ्यावर पहिल्या नंबरांची नावं असतात. ही आपली जागा." तेव्हापासून तोच रिवाज झाला. न पाहिलेले पान सगळ्यांसमोर, न अडखळता नव्हे, पण न सोडता वाचायचे, आणि मग खाली जाऊन नाव लिहायचे.

मी सांगतो ती गोष्ट घडली तेव्हा माझ्या पोटावर एक्केचाळीस नावे होती. त्यातले एक नाव कोणा मुलाचे नव्हते. ते कोणाचे हे मला माहीत होते, पण मी लाकडाचा असलो तरी गोष्ट पोटात ठेवणे मला जमते.

तर, सुसाट. हे तिचे टोपणनाव. नववीतली ही मुलगी पळायला लागली की मागच्यांना नुसती तिची वेणी दिसे. सलग दोन वर्षे तिने आणलेले चषक मीच अंगावर वागवले होते. तिची आई शिवणकाम करायची. गळ्यात मोजपट्टी घालूनच ती शाळेत यायची आणि पोरीचे कौतुक ऐकताना त्या पट्टीचे टोक बोटाला गुंडाळत बसायची.

या सुसाटला वाचता येत नव्हते. अक्षरे येत होती, साधे शब्द जुळत होते, पण जोडाक्षर आले की तिच्या पायात पाय अडकत. आणि हे कोणाला माहीत नव्हते असे म्हणावे, तर ते खरे नाही. थोडे थोडे सगळ्यांनाच माहीत होते. मैत्रीण तिच्या वह्या उतरवून द्यायची. खेळाचे सर तिचे अर्ज स्वतः भरत. वर्गशिक्षिका म्हणायच्या, "पळणारी पोर आहे, पुस्तकात कशाला अडकवायची?" प्रत्येकाने मायेपोटी तिला एक एक इयत्ता पुढे सरकवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे चालले होते, आणि ती मूठ सगळी शाळा मिळून झाकत होती.

त्या वर्षीच्या आंतरशालेय स्पर्धेत अंतिम शर्यत दुपारी तीनला होती. ऐनवेळी ती सकाळी अकराला, मागच्या मैदानावर घ्यायचे ठरले आणि तसे फाटकापाशी फळ्यावर लिहिले गेले. खेळाचे सर उंच उडीच्या मुलांबरोबर होते. सुसाट त्याच फळ्यासमोर उभी राहून बुटांच्या नाड्या बांधत होती. चार ओळींचा मजकूर दिसला आणि सवयीने तिने मान वळवली. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला 'काय लिहिलंय?' असे विचारले असते तरी भागले असते. पण जिंकणाऱ्या मुलीने असे विचारायचे कसे? तीन वाजता ती मैदानावर गेली तेव्हा तिथे खुर्च्या उचलत होते.

तिने सगळ्यांना सांगितले की पोटात कळ आली म्हणून झाडाखाली पडून होते.

आठवड्याने शाळा सुटल्यावर ती नकाशांच्या खोलीच्या दारात आली. व्हरांड्यात दोन्हीकडे बघितले नाही, सरळ आत आली आणि माझ्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"बाई, पोट नव्हतं दुखत."

बाईंनी खुर्ची सरकवली, पुठ्ठ्याची पट्टी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बस."

आठ महिने ती येत राहिली. मैदानावर वाऱ्याशी शर्यत लावणारी ही पोर माझ्यावर एका ओळीला तीन मिनिटे घ्यायची. घामाघूम व्हायची. एकदा रागाने तिने माझ्या लंगड्या पायाला लाथ मारली. मी मनाला लावून घेतले नाही. पट्टी सरकत राहिली. दोन-तीन ओळी जमायच्या आणि चौथीला ती पान मिटायची. अख्खे पान काही होईना.

तेवढ्यात दोन बातम्या आल्या. पहिली तिची. शर्यत हुकल्यावर महिन्याभराने तिने दुसरी मोठी स्पर्धा जिंकली होती, म्हणून वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूचा चषक तिला जाहीर झाला. आमच्या शाळेची रीत अशी की हा चषक मिळवणाऱ्याने समारंभात वर्षभराचा क्रीडा अहवाल वाचून दाखवायचा. तो अहवाल छापतात आणि समारंभाला आलेल्या प्रत्येकाच्या हातातही देतात. दुसरी बातमी माझी. मोठे सर, म्हणजे आताचे मुख्याध्यापक, नवा काचेचा टेबल घेणार होते. समारंभ झाला की मला भंगारात काढायचे, खोलीत चषकांची कपाटे लावायची आणि मदतवर्ग 'बघू कुठेतरी'. 'बघू कुठेतरी'चा अर्थ टेबलालाही कळतो. मोठे सर वाईट नव्हते. त्या खोलीत काय चालते हे त्यांनी फायलीत वाचले होते, आत येऊन पाहिले नव्हते, इतकेच.

पण माझे जाऊ द्या. सुसाटची झोप उडाली. भर सभागृहात, आईसमोर, सगळ्या शाळेसमोर पितळ उघडे पडणार होते. तिने तोड काढली. मैत्रिणीकडून दीड पानाचा अहवाल रोज वाचून घ्यायचा आणि घडाघडा पाठ करायचा.

"पाठ केलंस तर टाळ्या मिळतील," बाई म्हणाल्या. "पण खाली नाव नाही लिहिता येणार."

"नाव नंतर लिहीन, बाई. आधी लाज राखू दे."

बाईंनी तिला अडवले नाही. "बरं," एवढेच म्हणाल्या, आणि अंबाड्यातली पेन्सिल माझ्यावर शोधत राहिल्या.

समारंभाच्या दिवशी शिपाईमामा आणि आणखी सात जणांनी मला मंचावर नेले. शिपाईमामा म्हणजे शाळेची चालती घंटा. सूचनांची वही घेऊन वर्गावर्गात फिरण्यात त्यांचे आयुष्य गेले. निळे कापड पांघरताना त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटले. त्यांना ठाऊक होते हे शेवटचे.

आता मोठ्या सरांचे ऐका. दोन दिवस आधी त्यांना वाटले, पोरीने एवढे कमावले, अहवालात तिच्याविषयी चार चांगले शब्द हवेत. म्हणून त्यांनी प्रेमाने मधला भाग नवा लिहिला, तसाच छापून घेतला आणि सुसाटच्या हाती कागद दिला थेट मंचावर. आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे. धक्का बसला, यात शंका नाही.

ती बोलायला लागली. आवाज खणखणीत, नजर समोर, कागद हातात नुसता शोभेला. पहिला परिच्छेद सुरेख झाला. दुसऱ्याला सभागृहात कागद सळसळू लागले. लोक आपल्या हातातल्या ओळीवर बोट ठेवून शोधत होते, वर बघत होते, पुन्हा खाली बघत होते. मोठे सर खुर्चीतून पुढे वाकून हळूच म्हणाले, "बाळ, हा नवा कागद आहे. त्यातलं वाच."

ती थांबली. मला कापडाच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. हे पाय आता पळणार, असे मला वाटले. तिच्याइतके जोरात पळणे कोणाला जमते? दोन उड्यांत ती दाराबाहेर गेली असती.

ती दाराकडे गेली नाही. माझ्याकडे आली. दोन चषक बाजूला सरकवले, कागद माझ्यावर पसरला, खिशातून पुठ्ठ्याची पट्टी काढली आणि ओळीखाली ठेवली. शिपाईमामांनी न सांगता ध्वनिक्षेपक उचलून तिच्या तोंडाशी आणला.

ती वाचायला लागली. नकाशांच्या खोलीत वाचायची तशीच. शब्दाचे तुकडे पाडत, थांबत, मागे जात. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. "नाव सुसाट आणि चाल बघा," असेही ऐकू आले. मग हळूहळू तेही बंद झाले. सातव्या ओळीवर तिने पट्टी सरकवली आणि पानातला सर्वांत अवघड शब्द समोर आला.

"अंतिम... शर्यतीत... प्र... प्रकृ... प्रकृति... अस्... अस्वा..." तिने पट्टी दाबून धरली. माझ्यावर घामाचा एक थेंब पडला. पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "घाई कोणाला आहे?"

"अस्वास्... थ्या... मुळे. प्रकृतिअस्वास्थ्यामुळे." तिने श्वास घेतला. "प्रकृतिअस्वास्थ्यामुळे तिला भाग घेता आला नाही." आणि मग तशीच मान वर करून तिने विचारले, "बाई, म्हणजे काय?"

"आजारी पडल्यामुळे."

सुसाटने त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवले. तिच्याविषयी छापलेली ओळ ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचत होती.

"पण हे खोटं आहे," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले. "मी आजारी नव्हते. वेळ बदलल्याचं फळ्यावर लिहिलं होतं. मला वाचता आलं नाही म्हणून शर्यत हुकली. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

खेळाचे सर मान खाली घालून बसले होते. मैत्रीण रडत होती. आणि तिसऱ्या रांगेतून गळ्यात मोजपट्टी घातलेली आई ताडकन उभी राहिली.

"अगं कार्टे! मग तीन दिवस ते कडू औषध गुमान कशाला प्यायलीस?"

आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळे सभागृह हसले. आई हसता हसता डोळे पुसत होती. सुसाटही हसली, आणि खाली वाकून तिने पट्टी पुढच्या ओळीखाली ठेवली. राहिलेले पान तिने पुरे वाचले. त्याला किती वेळ लागला हे मी मोजले नाही. कोणी उठून गेले नाही, एवढे मला दिसले.

वाचून झाल्यावर टाळ्या सुरू झाल्या, पण तिचे तिकडे लक्ष नव्हते. "बाई, पेन्सिल?" तिने विचारले. बाईंनी पर्स उघडली, खिसे चाचपले. "डोक्यात, बाई, डोक्यात," मदतवर्गाची सगळी मुले एका सुरात ओरडली. बाईंनी मंचावर येऊन पेन्सिल तिच्या हातात दिली. सुसाटने निळे कापड उचलले आणि मुख्याध्यापक, पाहुणे, शाळा यांच्या देखत ती माझ्याखाली शिरली.

पाहुण्यांना वाटले तिचे काहीतरी पडले. मोठ्या सरांना वाटले पोरीला भोवळ आली. ते धावत आले, गुडघ्यांवर बसले, दोन्ही गुडघे काडकन वाजले, आणि कापड वर करून आत डोकावले. सुसाट उताणी पडून लिहीत होती. तिच्याभोवती एक्केचाळीस नावे होती. काही पुसट, काही वाकडी, काही एकावर एक.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

बाईंनी सांगितले. मोठे सर तसेच रांगत आणखी आत आले आणि एकेक नाव वाचू लागले. मध्येच थांबले. कोपऱ्यातल्या एका नावावर त्यांनी बोट ठेवले आणि मागे वळून पाहिले.

शिपाईमामा ध्वनिक्षेपक हातात घेऊन तसेच उभे होते. "माझंच आहे ते, सर," ते म्हणाले. "वीस वर्षं सूचनांची वही घेऊन वर्गावर्गात फिरलो. आत काय लिहिलंय ते कधी कळलं नाही. संध्याकाळी टेबल पुसायला जायचो. बाई म्हणाल्या, बसा."

आता हे गुपित मी फोडले नाही, याची कृपया नोंद घ्या. त्यांनीच सांगितले.

मोठे सर बराच वेळ माझ्याखाली बसून राहिले. समारंभ पंधरा मिनिटे खोळंबला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना धूळ होती आणि पुढचे भाषण त्यांनी न करताच बक्षिसे वाटायला घेतली. त्यांचे सगळ्यांत चांगले भाषण म्हणून लोक आजही त्याची आठवण काढतात.

काचेचा टेबल आला. तो कचेरीच्या दारातून अलगद आत गेला आणि तिथे छान दिसतो. मी नकाशांच्या खोलीतच आहे, आणि मदतवर्गही. चषकांची कपाटे जिन्याखाली लागली. माझी डागडुजी करायला सुतार बोलावला तेव्हा शिपाईमामा दिवसभर त्याच्या डोक्यावर उभे होते. "रंधा वरून मारायचा. खालून हात लावलास तर बघ," असे त्यांनी त्याला चार वेळा बजावले. खेळाचे सर आता सगळ्या मुलांचे अर्ज मुलांकडूनच भरून घेतात, मग त्याला कितीही वेळ लागो.

सुसाट दहावीत आहे. ती एका रात्रीत हुशार झाली, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. अजून पट्टी लागते, अजून जोडाक्षरे तिला छळतात. पण कुठल्याही फळ्यासमोरून ती आता मान वळवून जात नाही. उभी राहते, ओठ हलवत वाचते, आणि गरज पडली तर शेजारणीला विचारते.

मित्रांनो, मी म्हातारा आहे, दोन गोष्टी मागतो. कुठलीही जुनी वस्तू भंगारात काढण्याआधी एकदा उलटून बघा. आणि तुमच्यापैकी कोणी पोट दुखते म्हणून कोपऱ्यात जाऊन बसले, तर औषध जरूर द्या. पण नंतर, कोणी नसताना, एक खुर्ची सरकवून 'बस' असेही म्हणा. माझ्या पोटावर अजून बरीच जागा आहे.